स्कोपकाका

मुलगी फाइन आर्टला जायचं म्हणतेय, एवढी कुणकुण लागली की घरात एक काका अवतरतात. ते सख्खे काका असतीलच असं नाही. मामा, वरच्या मजल्यावरचे निवृत्त अधिकारी, वडिलांचे ऑफिसातले सहकारी, हे पद कोणालाही भूषवता येतं. त्यांची पात्रता एकच: त्यांच्या मुलाला इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए ग्रेड मिळाली होती आणि दहावीच्या निकालात त्याचे ७ गुण वाढले होते. त्या ७ गुणांच्या भांडवलावर काका कलाशिक्षणातले जाणकार झालेले असतात. चहाचा पहिला घोट घेऊन ते विचारतात, ‘‘पेंटिंग की कमर्शियल?’’ पेंटिंग असं उत्तर आलं तर कप खाली ठेवून दुसरा प्रश्न येतो, ‘‘पण स्कोप काय?’’ मग फाईल उघडते. फाईलमध्ये प्रत्येक कॉलेजचं स्थापनावर्ष, फी, वसतिगृह, कॅन्टीन, प्लेसमेंट आणि स्टेशनपासूनचं अंतर असे रकाने असतात. शिकवतं कोण, हा रकाना तेवढा नसतो. माझं म्हणणं असं की कलेचं कॉलेज निवडताना हाच रकाना सगळ्यात आधी भरायला हवा, आणि त्याच्या शेजारी दुसरा: बाकावर शेजारी कोण बसणार.

स्थापनावर्षाचंच घ्या. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालचं. हा आकडा ऐकला की काकांना एकदम बंडाचं वर्ष आठवतं आणि कॉलेजविषयी आदर दुणावतो. ‘जंगल बुक’ लिहिणारा किपलिंग याच आवारात जन्मला, हेही ते सांगतात, जणू त्या पुण्याईवर भाचीला प्रवेशाच्या यादीत वर सरकवतील. किपलिंगचे वडील तिथे शिल्पकला शिकवत, ही खरी कामाची माहिती मात्र गळते. आता बडोद्याकडे पाहा. सयाजीराव विद्यापीठाची ललितकला शाखा निघाली १९५० मध्ये. जे. जे.पुढे ती कालची पोर, पुण्याई शून्य, काकांच्या फाईलमध्ये तळाला. पण तिथे चित्रकला विभाग सांभाळायला ना. श्री. बेंद्रे आले, शिल्पकलेला शंखो चौधरी आले, शांतिनिकेतनात शिकलेले के. जी. सुब्रमण्यन आले. इंदूर-मुंबईचं वळण आणि बंगालचं वळण एकाच व्हरांड्यात भेटलं, आणि थोड्याच वर्षांत देशभरातली मुलं बडोद्याची गाडी पकडू लागली. गोव्याचंही तसंच. मडगावचे चित्रकार लक्ष्मण पै मुंबईत शिकले, पॅरिसमध्ये राहिले आणि पुढे पणजीच्या कला महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. असा माणूस दारात असताना ‘‘घराजवळचं कॉलेज म्हणजे यथातथाच असणार’’ हा काकांचा सिद्धान्त कसा टिकावा?

काका कॉलेज बघायलाही येतात, आणि तिथे त्यांचं खरं तेज दिसतं. इमारतीचा रंग उडालेला पाहून ते निःश्वास टाकतात. लिफ्ट आहे का, वायफाय चालतं का, विचारतात. स्टुडिओत खुर्चीवर एक म्हातारा बसलेला दिसतो. तो शिपाई असावा असं समजून काका त्याला ऑफिसचा रस्ता विचारतात. तो हलत नाही, बोलत नाही. सरकारी कर्मचाऱ्यांच्या उद्दामपणावर काकांचं मत पक्कं होत असतानाच बारा मुलं ईझलआडून डोकी काढतात आणि मॉडेलची पोझ मोडू नये म्हणून काकांना बाजूला व्हायला सांगतात. त्या बारा जणांची चित्रं पाहायचं मात्र काकांना सुचत नाही. एकाच म्हाताऱ्याची बारा चित्रं बारा तऱ्हांची दिसत असतील तर तिथे कोणीतरी शिकवतंय. बाराही एकाच मास्तरांच्या हातची वाटत असतील, तर लिफ्ट असूनही कॉलेज तळमजल्यावरच आहे.

काकांचा हुकमाचा आक्षेप पुढेच आहे. ‘‘चित्रकार के. एच. आरा कुठे कॉलेजात गेले होते? अंगात असेल तर कॉलेज कशाला हवं?’’ आरांनी रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं, हे खरंच. पण त्यांचं काम हेरून पाठीशी उभे राहिले ते रूडॉल्फ फॉन लायडनसारखे समीक्षक. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुप उभा राहिला, त्यात आरांच्या जोडीला सूझा आणि रझा हे चित्रकार होते. चांगल्या कॉलेजात मुलाला जे मिळायला हवं, म्हणजे डोळस टीका करणारा एखादा जाणता आणि बरोबरीचे वेडे, ते आरांना बाहेर मिळालं. तुमच्या गल्लीत असे लोक राहत असतील तर खुशाल कॉलेज टाळा. तेव्हा हे उदाहरण काकांच्या उपयोगाचं नाही, माझ्या आहे.

दुसरा आक्षेप पोटाचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चार वर्षांची फी, वर रंग, कागद, कॅनव्हास. सरकारी आणि खासगी कॉलेजांच्या फीमधला फरक मध्यमवर्गीय घराला घाम फोडतो. उपयोजित कलेच्या पदवीधराला नोकरी तुलनेने लवकर मिळते, हेही काका बरोबर सांगतात. पण ‘प्लेसमेंट’ या रकान्यातला टक्का त्यांनी माहितीपत्रकातून उतरवलेला असतो, आणि आपल्या माहितीपत्रकात स्वतःला नापास करणारं कॉलेज अजून निघायचं आहे. त्यापेक्षा तीन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुलं गाठावीत आणि घरभाडं कसं भरता, हे सरळ विचारावं. बडोद्याचे भूपेन खक्कर चार्टर्ड अकाउंटंट होते, हे ऐकल्यावर काकांचा चेहरा उजळतो. त्यांनी चित्रकार झाल्यावरही बरीच वर्षं हिशेबाचं काम करून घर चालवलं, हे कळल्यावर तर फारच. या मुद्द्यावर काकांशी माझं भांडण नाही. पोटाची सोय कॉलेजबाहेरूनही होऊ शकते, एवढं त्यांनी मान्य केलं तरी पुष्कळ झालं.

म्हणून काकांना टाळू नका. सीईटीच्या तारखा, जातीचे दाखले, वसतिगृहाचा अर्ज, फीचे हप्ते यांत त्यांचा हात धरणारा कोणी नाही. कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनाच्या दिवसांत त्यांना बरोबर घेऊन जा, फाईल देऊन ऑफिसच्या रांगेत उभं करा, आणि ती रांग सरकेपर्यंत तुम्ही भिंतीवरची चित्रं नीट पाहून घ्या.