पेडगाव भीमेपलीकडे आहे, साहेब

रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागप्रमुखांस,

पत्राच्या सुरुवातीला सप्रेम नमस्कार लिहायची रीत आहे. पण प्रेम उरलेलं नाही, म्हणून नुसता नमस्कार.

तुमच्या टेबलावर सन त्झूचं पुस्तक असतं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या चिनी युद्धनीतीतून धंदा शिकवणाऱ्या शिबिराला तुम्ही जाऊन आलात, तेव्हापासून आमच्यासारख्या जॉब वर्कवाल्यांशी तुमच्या लढाया सुरू झाल्या. चौफुल्याजवळ माझं पत्र्याचं शेड आहे. दोन लेथ, एक सीएनसी आणि पाच माणसं. पिकअप भरून केडगाव, पारगाव, न्हावरे करत माल तुमच्या गेटवर येतो. एवढ्याशा शेडवर चाल करून तुम्ही कोणता किल्ला जिंकणार होतात?

तुमचा पहिला डाव आधी सांगतो. बुश या सुट्या भागाचा दर ४२ रुपये ठरला होता. तुम्ही मला केबिनमध्ये बोलावून दुसऱ्याचं कोटेशन लांबूनच दाखवलंत आणि म्हणालात, "तो ३८ ला देतोय, तू बघ." मी रात्रभर हिशेब केला आणि ३८ ला हो म्हणालो. महिन्याभराने न्हावरे फाट्यावरच्या टपरीवर तोच दुसरा भेटला. चहा निवत होता आणि आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो. त्याने कधीच ३८ दिला नव्हता. तुम्ही त्याला माझं नाव सांगून खाली ओढलं होतं, मला त्याचं. त्याचा मुलगा नुकताच आयटीआय करून शेडवर आला होता आणि पगार वेळेवर निघेना म्हणून चाकणला निघून गेला होता. हे सांगताना त्याने मान वर केली नाही.

दुसरा डाव ४०० बुशांचा. माल उतरला, चलनावर सही-शिक्का झाला, पन्नास दिवस गेले. पेमेंट मागितल्यावर तुम्हाला एकाएकी माप चुकलेलं आठवलं. मी व्हर्निअर घेऊन आलो आणि तुमच्याच इन्स्पेक्टरसमोर दहा नग मोजले. दहाही बरोबर. तरी डेबिट नोट निघाली आणि माल परत आला.

सन त्झूचं ते पुस्तक मीही वाचलं, साहेब. तेरा प्रकरणं आहेत, फार मोठं नाही. फसवणूक पहिल्याच प्रकरणात आहे, हे खरं. पण सेनापतीच्या अंगी कोणते गुण हवेत, हेही त्याच प्रकरणात आहे. शहाणपणानंतर लगेच विश्वासार्हता येते, मग माणुसकी. तुम्ही ते पान उलटून पुढे गेलात. दुसऱ्या प्रकरणात तो रोजच्या खर्चाचा हिशेब मांडतो आणि लांबलेल्या युद्धाने कुठल्याच राज्याचं भलं झालेलं नाही असं बजावतो. नव्वद-नव्वद दिवस पेमेंट लांबवणं त्याने कुठे शिकवलंय, ते पान मला दाखवा.

आणि गनिमी काव्यासाठी चीनपर्यंत कशाला जायचं? दौंडजवळ भीमा ओलांडली की पेडगाव. १६७४ साली, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला महिना-दीड महिना झाला असेल, मराठ्यांच्या एका तुकडीने बहादूरखानाला हुलकावणी देऊन छावणीबाहेर लांब ओढत नेलं आणि मागे दुसऱ्या फौजेने ती छावणी लुटली. ही हुलकावणी मोगलांच्या सुभेदाराला होती. आपल्या रयतेबद्दल त्याच राजाने चिपळूणजवळच्या जुमलेदारांना काय ताकीद दिली होती, तेही वाचा. दाणा असो, वैरण असो, भाजी असो, बाजारातून विकत आणा, कुणब्याला तोशीस देऊ नका. सैन्याला पुरवठा करणाऱ्याला लुटलं तर सैन्य उपाशी मरतं, हे महाराजांना कळत होतं. तुमची लाइन आमच्या बुशवर चालते, साहेब. मग आम्ही तुमचे शत्रू कसे?

कायद्याचं नाव काढलं की तुम्ही वेड पांघरून पेडगावला जाता. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा तुम्हाला माझ्याहून जास्त पाठ आहे. लेखी करार असला तरी पेमेंटला पंचेचाळीस दिवसांच्या वर जाता येत नाही. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. थकलेल्या पेमेंटची तक्रार करायला माझ्यासारखा माणूस का कचरतो, तेही तुम्हाला ठाऊक आहे. पुढची ऑर्डर बंद होते. त्या भीतीवरच तुमची सगळी युद्धनीती उभी आहे. मी तीन वर्षं घाबरलो. माझ्या ऑपरेटरला दिवाळीला निम्मा बोनस दिला आणि त्याच्या बायकोने दारातून मला पाणी विचारलं, तेव्हा मला घशाखाली घोट उतरेना.

थकलेल्या पेमेंटच्या तक्रारींसाठी असलेल्या सरकारी पोर्टलवर सोमवारी अर्ज भरला आहे. उद्यम नोंदणी, पीओ, सही-शिक्क्याची चलनं, सगळं जोडलं आहे. फाट्यावरच्या त्या चहानंतर आम्ही दोघं एकमेकांना फोन करून विचारल्याशिवाय दर देत नाही. त्याचाही ४२ आणि माझाही ४२.

तुमचे ४०० बुश तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून डावीकडच्या रॅकवर ठेवलेत. गंज चढू दिलेला नाही. इन्स्पेक्टरला पाठवा, सगळेच्या सगळे मोजू द्या. येताना आधीच्या बिलांचा चेक त्याच्याबरोबर द्या.

आपला,
चौफुल्याचा एक जॉब वर्कवाला