सेकंडहँड कार्व्हेटवाले

डेट्रॉइटच्या आसपास, ट्रॉय किंवा नोव्हायसारख्या उपनगरांत मराठी इंजिनियरांची जी वस्ती आहे, तिथे पन्नाशी ओलांडलेल्या एखाद्या गृहस्थाच्या गॅरेजात एक दिवस लाल नाहीतर पिवळी सेकंडहँड कार्व्हेट येऊन उभी राहते. बहुधा सी-६, म्हणजे २००५ ते २०१३ या मॉडेलवर्षांतली, केंटकीच्या बोलिंग ग्रीनमधल्या कारखान्यातून निघालेली. मुलं कॉलेजात गेलेली असतात, घराचं कर्ज फिटत आलेलं असतं, आणि बायकोनेही ‘घ्या एकदाची’ म्हणून हात टेकलेले असतात. गाडी केवढ्याला पडली असं विचारलं तर गृहस्थ हवापाण्यावर बोलू लागतात. पण काही दिवसांनी डॅशबोर्डवर ‘सर्व्हिस टायर मॉनिटर’ असा संदेश उमटतो, डीलर चार सेन्सरांचं अंदाजपत्रक हातात ठेवतो, आणि तो आकडा मात्र मंडळाच्या गणपतीत मसालेभाताच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला डॉलर-सेंटसकट ऐकावा लागतो. ऐकणारे मागे वळून हसतात. हसण्याजोगं दृश्य आहेच. पण हिशेबाला बसलं तर हसणारे चुकतात आणि हे गृहस्थ बरोबर निघतात.

त्याचं कारण चाकाच्या आत आहे. टायरमधली हवा मोजणारा हा सेन्सर व्हॉल्व्हच्या मुळाशी, रिमला धरून बसवलेला असतो. त्यात दाब मोजणारी चिप, एक चिमुकला रेडिओ ट्रान्समीटर आणि लिथियमचा सेल, असं सगळं रेझिनमध्ये ओतून कायमचं बंद केलेलं. सेल साधारण सात ते दहा वर्षं चालतो. गाडी उभी असली की सेन्सर झोप काढतो, पण मिशिगनच्या हिवाळ्यात चार-पाच महिने पांघरूण घालून ठेवलेल्या गाडीतही सेलचं वय वाढायचं थांबत नाही. सेल संपला की तो एकटा बदलता येत नाही. अख्खा सेन्सर टाकून द्यायचा. आणि त्याच्यापर्यंत पोचायचं तर चाक काढा, टायर रिमवरून सोडवा, सेन्सर बदला, टायर पुन्हा चढवा, हवा भरा, बॅलन्सिंग करा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा प्रकार. अंदाजपत्रकात डोळ्यांत भरते ती कोंबडी. गृहस्थ मसाल्याकडे बघतात. चारही सेन्सर एकाच कारखान्यात, एकाच सुमाराला बसवलेले. एक गेला म्हणजे बाकीचे तीन रांगेत उभे आहेत असंच धरायचं. आज एक, दिवाळीत दुसरा, असं करत गेलं तर मसाला चार वेळा वाटावा लागतो. त्यापेक्षा नवे टायर घालायची वेळ येईल तेव्हाच चारही बदलायचे. टायर तेव्हा उतरणारच असतात, बॅलन्सिंग होणारच असतं. तोवर दर रविवारी हातातल्या गेजने हवा बघायची. जुन्या स्पोर्ट्स कारचे टायर झिजण्याआधी वयानेच बाद होतात, त्यामुळे फार थांबावंही लागत नाही.

एवढं ठरलं की गृहस्थांना स्फुरण चढतं. कंपनीच्या खोक्यातला सेन्सर, तोच पुरवठादाराच्या खोक्यातला, आणि तिसऱ्या कुणाचा तरी, अशी त्यांची तुलना सुरू होते. फ्रिक्वेन्सी ३१५ मेगाहर्ट्झच आहे ना, हे ते तीन वेळा तपासतात, कारण परदेशी पाठवलेल्या गाड्यांचा ४३३चा सेन्सर स्वस्त मिळाला तरी अमेरिकेतल्या त्यांच्या गाडीला त्याचं बोलणं ऐकूच येणार नाही. मग टायरवाल्याकडून काम होऊन गाडी घरी येते आणि रात्री जेवणानंतर गॅरेजात मुख्य सोहळा होतो: कुठला सेन्सर कुठल्या चाकात आहे, हे गाडीला शिकवणं. यासाठी डीलर वेगळे पैसे लावतो, आणि नेमके तेच पैसे गृहस्थांना द्यायचे नसतात. शिकवणी सुरू झाली की हॉर्न दोनदा वाजतो. मग ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं चाक, पलीकडचं पुढचं, पलीकडचं मागचं, अलीकडचं मागचं, याच क्रमाने प्रदक्षिणा घालायची. प्रत्येक व्हॉल्व्हपाशी ट्रिगरचं छोटं यंत्र धरायचं, नाहीतर चक्क आठ-दहा सेकंद हवा सोडायची. ओळख पटली की हॉर्न वाजतो. पहिल्या चाकाला दोन मिनिटं, चारही मिळून पाच. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. ‘अहो, शेजारचे झोपलेत!’ हे वाक्य बहुधा तिसऱ्या चाकापाशी येतं.

यावर पहिला आक्षेप असा की ज्याला कार्व्हेट परवडते त्याने सेन्सरासाठी एवढा घोळ घालू नये. पण त्याला परवडलेली असते ती निम्म्याहून कमी किमतीला उतरलेली गाडी. सुटे भाग आणि मजुरी गाडीच्या वयाबरोबर उतरत नाहीत. पंधरा वर्षांच्या गाडीला डीलरकडे सन्मानाने नेणारा माणूस तिसऱ्या बिलाला गाडी विकून मोकळा होतो. वॉरंटी संपलेल्या या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात त्या आपल्या हिशेबी गृहस्थांमुळेच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आमच्या बजाज स्कूटरला कुठे सेन्सर होता, पेट्रोल पंपावर हवा बघायचो की, असं म्हणणारे मंडळात पुष्कळ. साध्या गाडीपुरतं ते थोडंफार चालेल. सी-६ला मात्र स्टेपनीच नाही. ती कारखान्यातून रनफ्लॅट टायरवर येते. जाड, ताठ बाजूंचा हा टायर हवा गेली तरी साधारण पन्नास मैल गाडी बेताच्या वेगाने ओढून नेतो. गोम इथेच आहे. टायर बसला तरी ड्रायव्हरला कळत नाही आणि तो हायवेवर तसाच पळत राहतो. सांगणारा एकटा सेन्सर. साध्या गाड्यांतही हा दिवा हौसेने आलेला नाही. फोर्ड एक्स्प्लोररवरचे फायरस्टोन टायर फुटून माणसं गेली, तेव्हा २००० साली अमेरिकी संसदेने कायदा केला आणि २००८च्या मॉडेलपासून हलक्या वाहनांना ही यंत्रणा सक्तीची झाली. हवा शिफारशीच्या २५ टक्के खाली गेली की दिवा लागलाच पाहिजे. कार्व्हेटच्या ३० पीएसआयच्या हिशेबात हे साडेबावीस होतं, आणि तेवढी घट नुसत्या डोळ्यांना त्या ताठ टायरवर दिसत नाही. रविवारचं गेज ही तात्पुरती सोय आहे, आणि तोपर्यंत लांबचा प्रवास नाही, हे गृहस्थ स्वतःच सांगतात.

याच जातीत एक बिघडलेली पोटजात आहे, तिची बाजू मात्र घेता येणार नाही. हे लोक पीव्हीसी पाइपचा तुकडा घेतात, त्यात चार चालू सेन्सर टाकतात, दोन्ही तोंडं चिकटवून पंपाने ३० पीएसआय हवा भरतात आणि तो पाइप डिकीत ठेवून देतात. डॅशबोर्डवर चारही टायर बारा महिने तेरा काळ ठणठणीत! कारागिरी अफाट, पण ही काटकसर नव्हे. सेन्सर विकत घेतलेच आहेत, वाचली ती फक्त बसवणावळ, आणि हवा कळते ती पाइपातली. दिव्यावर काळी टेप लावणाऱ्याला निदान आपल्याला काही दिसत नाही एवढं तरी ठाऊक असतं.

तेव्हा जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची असेल तर आधी डिकी उघडून बघा. पाइप दिसला तर नमस्कार करून निघा. मसालेभाताच्या रांगेत पकडणारे गृहस्थ गाडी विकत असतील तर त्यांच्याकडून खुशाल घ्या. भाव ते सोडणार नाहीत, पण सगळ्या पावत्यांची फाइल मिळेल आणि सेन्सर टायरांच्याच तारखेचे असतील.