बारीक डोळ्यांचा ड्रायव्हर

(मंचावर एक खुर्ची. समोर स्टुलावर पितळी परात, तीच स्टिअरिंग. कलाकार कंपनीचं चमचमणारं जाकीट घालून येतो, परात धरतो आणि तोंडानेच एअरब्रेक सोडतो: 'फुस्स्स!')

बसा, बसा. टोल मागायला नाही आलो.

मी खराडीचा. म्हणजे पत्ता सांगताना खराडी आणि घरभाडं ठरवताना चंदननगर. (हशा झाला तर थांबा. नाही झाला तर प्रेक्षक कोथरूडचे आहेत, पुढे चला.)

एका मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीत मी ड्रायव्हर होतो. कंपनीचं नाव घेणार नाही. उखाण्यात घाला म्हणालात तरी घेणार नाही, हिशोबाचे पैसे अजून अडकलेत!

कंपनीच्या आधी मी उस्तादांकडे किन्नर, म्हणजे क्लीनर होतो. उस्ताद जामखेडचे. तोंडात तंबाखू, त्यामुळे बोलताना हनुवटी वर.

(उस्ताद) 'आरं येड्या, गाडी बघायची नस्ती, ऐकायची आस्ती!'

पहाटे चारला हातात टामी, म्हणजे लोखंडी दांडा द्यायचे. दहाच्या दहा टायर ठोकून यायचं. 'टण्ण' वाजला तर हवा बरोबर, 'भद्द' वाजला तर काढ जॅक. जोडीतला आतला टायर दिसतही नाही, टामी तिरकी घालून अंदाजाने ठोकायचा. थंडीत मी आपला आठ ठोकायचो आणि ओरडायचो, 'सगळे टण्ण, उस्ताद!' केबिनमधून, गोधडीच्या आतून आवाज यायचा:

(उस्ताद) 'मागला डावा, आतला. त्यो ठोक मुकाट.'

हे आमचं कॉलेज. फी नाही, पगारही नाही, फक्त शिव्या. त्या मात्र टायमावर.

मग लायसन. आधी हलक्या गाडीचं काढा, वर्षभर मुरवा, मग हेवीचं लर्निंग. पूर्वी आठवी पासची अट होती. सरकारने ती 2019 ला काढून टाकली. उस्तादांना सांगितलं, तर चेहरा पडला.

(उस्ताद) 'म्हंजी मी दाखल्याला उगंच पैसं घातलं?'

तर कंपनी. वाघोलीला गोडाऊनच्या मागे ट्रेनिंगचा हॉल. एसी असा की सोलापूरचे दोन ड्रायव्हर ताडपत्री पांघरून बसलेले. ट्रेनर सर आले. पांढरा शर्ट, गळ्यात पट्टा, हातात लेझर. मी हात वर केला. 'सर, आपण कोणती गाडी चालवलीत?'

सर म्हणाले, 'मी तीनशे लोकांची टीम चालवतो.'

(उस्ताद) 'आंडरलोड का ओव्हरलोड?'

(आवाज बदलून) उस्ताद हॉलमध्ये नव्हते बरं का. ते गावी होते. पण उस्ताद असे गावी राहत नाहीत, ते इथे (कानामागे बोट) राहतात. बायकोशी भांडतानाही मध्येच बोलतात.

सरांनी भिंतीवर तेव्हाचा कायदा दाखवला. मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स अ‍ॅक्ट, 1961. ड्रायव्हरला दिवसाला 8 तास काम, आठवड्याला 48. सलग 5 तास झाले की किमान अर्धा तास विश्रांती. हॉलमध्ये असा सन्नाटा, कुणीतरी भूत बघितल्यावर पसरतो तो. मी तो फोटो उस्तादांना पाठवला. त्यांचा लगेच फोन.

(उस्ताद) 'एकसष्टचा? आरं, मी बी एकसष्टचाच! कायदा आन् मी एकाच साली जल्मलो. पर आमची गाठ कंदी पडली नाय!'

खरं बोलायचं तर सरांचं सगळंच वाया गेलं नाही. घाटात न्यूट्रल मारून गाडी सोडायची, डिझेल वाचतं, ही आमच्या लाईनीतली जुनी खोड. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडी धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि मग पाय दाबला तरी ब्रेक लागत नाही. सरांनी बोरघाटातले फोटो दाखवले. त्यावर उस्तादसुद्धा काही बोलले नाहीत.

(थांबतो. परात फिरवतो.)

शेवटी गाडी दिली. नवी कोरी, बत्तीस फुटी. बीएस सिक्स. तिला डिझेल वेगळं आणि युरिया वेगळा. (उस्ताद) 'आमच्या रानाला मिळंना आन् ट्रकला युरिया!' आणि काचेवर, बरोब्बर माझ्या तोंडासमोर, कॅमेरा. ड्रायव्हर पेंगला, फोनवर बोलला, जांभई दिली, की आतून बाईचा आवाज येतो आणि तिकडे कंट्रोल रूमला मेसेज जातो. तीन मेसेज, एक दिवसाचा पगार कट.

आता माझे डोळे बघा. (पुढे येतो.) नाही, बघा. उघडे आहेत हे! आमच्या घराण्यातच बारीक. आजोबा वारले तेव्हा कुणाला आधी कळलंच नाही. लग्नाच्या अल्बममध्ये भटजीसकट सगळे जागे, मीच झोपलेला.

पहिलीच ट्रिप, वाघोली ते उरण. दिवसा पुण्यातून जड गाडी न्यायची सोय नाही. म्हणजे मुंबईला जायचं तर आधी नगरकडे तोंड करायचं, मग शिक्रापूर, चाकण, तळेगाव. गेटच्या बाहेर पडलो, फर्स्ट गिअर.

(बाईच्या गोड आवाजात) 'चालक को नींद आ रही है.'

लोणीकंद. 'चालक को नींद आ रही है.' शिक्रापूर. 'कृपया विश्राम करें.' अहो ताई, आत्ताच आंघोळ करून निघालोय! वाटलं, गाणं म्हणावं, म्हणजे जागा दिसेन. आलाप घेतला, तोंड उघडलं: 'चालक जम्हाई ले रहा है.'

कंट्रोल रूमचा फोन. 'तुम्ही झोपलाय.' 'साहेब, झोपलो असतो तर फोन कुणी उचलला?' 'सिस्टिम दाखवतेय.' मग काय! पगार वाचवायचा होता. दशावतारातल्या संकासुरासारखे डोळे केले. (डोळे टम्म फाडतो.) असे! चाकणपासून खंडाळ्यापर्यंत पापणी नाही लवली. शेजारच्या गाडीतलं पोरगं मला बघून रडायला लागलं. ताई मात्र गप्प. खूश!

खाली घाट उतरलो, तर हायवे पोलिसाने हात केला. काच खाली घेतली. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. (फाडलेले डोळे.)

'काय घेतलंयस?'

'चहा.'

'डोळे बघ जरा तुझे!'

'साहेब, ते कंपनीसाठी उघडलेत!'

त्याने मशीन तोंडासमोर धरलं. मी फुंकलं. फुंकताना जरा डोळे मिटतात ना माणसाचे? तेवढ्यात आतून:

'चालक को नींद आ रही है!'

पोलीस दोन पावलं मागे! 'आत बाई कोण आहे?' मी म्हटलं, 'कंपनीने दिलीय.'

(टाळ्यांसाठी जागा. मशीनने 'शून्य' दाखवलं, हे टाळ्या ओसरल्यावर सांगायचं.)

या कंट्रोल रूमवर माझा खरा राग. कारण ती कुठे? खराडीत! माझ्या घरापासून रिक्षाचं मिनिमम भाडं! काचेची बिल्डिंग, नववा मजला, आणि तिथला पोरगा मला स्क्रीनवर बघतो, ठिपका म्हणून.

एका रात्री सोलापूरचा माल. रात्रीची गाडी सोडतात, म्हणून वाघोलीहून खराडी बायपासने मुंढव्याकडे निघालो. बायकोला फोन केला होता. बंद पानटपरीपाशी उभी. हातात डबा, कडेवर पोरगी, अर्धवट झोपेत. मी खाली उतरलो. पोरीने टायरवर मूठ आपटली आणि म्हणाली, 'पप्पा, टण्ण.'

घरी खेळताना मीच शिकवलेलं. आठवडाभर मी घरी नव्हतो. ती रोज रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रकला हात करायची, त्यातल्या एकात मी असेन म्हणून.

(शांतता. लांबवू नका.)

ट्रिंग! 'गाडी चार मिनिटं का उभी आहे?'

'साहेब, घर आलं.'

'घर रूटवर नाही.'

'साहेब, तुमची बिल्डिंग मला इथून दिसते. नवव्या मजल्यावर लाईट चालू आहे. जरा खिडकीत या, पोरगी हात करतेय.'

'अनऑथराइज्ड स्टॉपेज. पाचशे कट.'

(उस्ताद) 'त्याला इच्यार, तुजी खुर्ची सांजपासनं एकाच जागी उभी हाय, तुजं किती कापलं?'

विचारलं मी. तीच माझी शेवटची ट्रिप. आता उस्तादांच्या भाच्याची दहा टायर चालवतो. एसी नाही. आता म्हणे 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केलाय. आमची गाडी त्याच्या फार आधी जन्मली, उस्तादांसारखीच.

(जाकीट काढून परातीवर ठेवतो.)

बरं, आता तुम्ही निघाल. निम्मे दुचाकीवर, निम्मे त्याच बायपासने. सिग्नलला ट्रकच्या डाव्या बाजूने घुसू नका. केबिन उंच असते, डाव्या दाराखाली कोण आहे ते ड्रायव्हरला दिसत नाही. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचं तोंड दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. मग त्याचे डोळे केवढेही मोठे असोत.