पंधराशेत थोडं कमी-जास्त होईल का?

डॉक्टरांनी कागद दिला आहे. त्यावर लिहिलंय: रोज १५०० कॅलरी, तीन महिन्यांत चार किलो कमी, मग पुन्हा रक्ततपासणी. तुमच्या मनात मात्र वेगळाच आकडा आहे. वैशाखात भाचीचं लग्न, हातात सहा आठवडे आणि उतरवायचे आहेत बारा किलो. एका बाजूला एमडी झालेला माणूस, दुसऱ्या बाजूला पैठणीवरचा जुना ब्लाउज. अशा वेळी नवखी माणसं गांगरतात आणि घाबरून डॉक्टरांचं ऐकून टाकतात. तसं होऊ नये म्हणून ही मार्गदर्शिका. पायऱ्या क्रमाने चढा. धाप लागली तर बसा. ते व्यायामात धरलं आहे.

१. आधी डॉक्टरांना तपासा

सल्ला तोलण्याआधी सल्ला देणाऱ्याला तोला. केबिनमध्ये शिरताच त्यांच्या पोटाकडे बघा. सुटलेलं असेल तर ‘आधी स्वतःचं बघा म्हणावं.’ नसेल तर ‘यांना काय कळणार आमचं दुःख!’ दोन्ही बाजूंनी सल्ला बाद.

२. बीएमआयपुरते जगाचे नागरिक व्हा

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, हा हिशेब केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाचा, १८३२ सालचा. त्याला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता, कुणाचं पोट कमी करायचं नव्हतं. हे डॉक्टरांना जरूर ऐकवा. तुमचा आकडा आला २४.६. जागतिक मोजमापात २५ च्या आत सगळं ठीक. आपल्याकडचे डॉक्टर मात्र २३ ओलांडलं की भुवया उंचावतात आणि २५ ला लठ्ठपणा लिहून मोकळे होतात. तेव्हा मोजताना नॉर्वेचे व्हा. तुपाचा विषय निघाला की लगेच आपल्या मातीत परत या.

डॉक्टर वाचणारे असतील तर ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा दाखला देतील. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र एकाची ९.१ टक्के आणि दुसऱ्याची २१.२. जास्त कुणाची, ते सांगायला नको, आपल्या माणसाची. हातापायांनी बारीक, पोटाशी चरबी, हा आपल्याकडचा नमुना, म्हणून २३ लाच सावध व्हायचं, असा त्याचा अर्थ. तुम्ही अर्थ उलटा लावा: ‘म्हणजे या आकड्यात काही दम नाही, हे तुमचेच लोक म्हणतात ना?’ आणि टेप घेऊन कंबर मोजायला ते उठले तर, बाईमाणसाची ८० सेंटिमीटरच्या आत हवी असते एवढं लक्षात ठेवून श्वास आत घ्या. बोलू नका. बोललं की सुटतो.

३. आपलं लक्ष्य आपण ठरवा

किती किलो कमी करायचे ते डॉक्टरांना काय विचारता? लग्नाचा अल्बम काढा. लग्नातलं वजन हेच माणसाचं खरं वजन, त्यानंतरचं सगळं संसाराचं. तेव्हा तुम्ही हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवत होता आणि नुकत्याच टायफॉइडमधून उठला होता, हे अल्बममध्ये दिसत नाही.

आता हिशेब. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. बारा किलोंच्या झाल्या ९२,४००. सहा आठवड्यांचे दिवस ४२, म्हणजे रोज २,२०० कॅलरींची तूट हवी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मते बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला दिवसाला १,६६० पुरतात. तुमचं वजन थोडं जास्त आणि स्वभाव धावपळीचा, म्हणून सढळ हाताने २,००० धरू. म्हणजे दिवसभर काहीच खायचं नाही आणि वर रोज दोनशे कॅलरी कुणाला तरी देऊन टाकायच्या. अवघड वाटतंय? वाटणारच. पण ध्येय मोठं असावं, असं शाळेच्या भिंतीवरसुद्धा लिहिलेलं असतं.

४. भाव करा

पंधराशे हा नुसता सांगितलेला भाव आहे. पहिल्या भावाला माल घेणारं माणूस आपल्यात अजून जन्माला यायचंय.

‘डॉक्टर, पंधराशेत चहा धरलाय का?’

‘धरलाय. दोन कप, बिनसाखरेचा.’

‘साखरेचा असेल तर?’

‘चमच्याला वीस.’

‘वीसच ना!’

‘कपाला दोन चमचे, असे दिवसाचे पाच कप...’

‘तुम्ही फारच बारीक हिशेब करता हो डॉक्टर.’

इथे हसायचं. मग ते तुम्हाला शेजारच्या खोलीत आहारतज्ज्ञांकडे पाठवतील. ती मुलगी तुमच्या भाचीच्या वयाची असते, ही तुमची जमेची बाजू.

‘काकू, महिन्याला तेल किती लागतं?’

‘आमच्याकडे तेल असं फार नसतंच गं.’

‘तरी?’

‘पाच लिटरचा कॅन येतो. पण त्यातच देवाचा दिवा असतो.’

‘माणसं किती?’

‘चार. पण येणं-जाणं फार.’

ती मोबाइलवर गुणाकार करील: एका ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे माणशी रोज सुमारे ३४० नुसत्या तेलाच्या. डगमगू नका. पुन्हा एकदा दिव्याचा उल्लेख करा.

५. शब्द पाळा, आकार नको

कागदावर ‘दोन फुलके, एक वाटी भात’ असेल. फुलका म्हणजे बिनतेलाचा, तळहाताएवढा. तुमच्या घरी घडीची पोळी होते: घडीघडीला तेल, तव्यावरून उतरली की वरून तूप, आणि आकार ताटाएवढा. खा दोनच. दोन म्हणजे दोन. वाटीचंही तसंच. कागदावर वाटी लिहिली आहे, कोणती ते लिहिलेलं नाही. आमटीची, श्रीखंडाची, मोजायची, आणि ती एक सासूबाईंच्या माहेरची, जिला घरात सगळे वाटीच म्हणतात पण जिच्यात एरवी पीठ भिजवतात. ती घ्या.

६. काय मोजायचं नाही ते पाठ करा

ही खरी विद्या आहे, तेव्हा इथे घाई नको. प्रसाद मोजत नाहीत, पाप लागतं. उभ्याने खाल्लेलं मोजत नाहीत. मीठ बघायला घेतलेलं, गोड जमलंय का बघायला घेतलेलं आणि पहिल्यांदा नीट कळलं नाही म्हणून पुन्हा घेतलेलं, हा स्वयंपाकाचा भाग आहे, जेवणाचा नव्हे. पोराच्या ताटातलं उरलेलं संपवणं हे अन्नाचा मान राखणं. रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी देणं ही काटकसर. दुसऱ्यांच्या घरी खाल्लेलं त्यांच्या हिशेबात. ऑफिसातल्या वाढदिवसाचा केक नाही म्हटला तर लोक काय म्हणतील?

याउपर डॉक्टरांनी आहाराची वही लिहायला सांगितली तर आनंदाने लिहा. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी ‘आम्ही बाराशेच्या आत खातो तरी वजन हलत नाही’ म्हणणारी दहा माणसं घेऊन त्यांच्या अंगातली ऊर्जा खरोखर मोजली. खाल्लेलं त्यांनी ४७ टक्के कमी लिहिलं होतं आणि केलेली हालचाल ५१ टक्के जास्त. ती माणसं खोटारडी नव्हती बरं का. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. ही मनाची निर्मळता सरावाने येते. रात्री झोपताना, उजेड कमी असताना, आठवून लिहीत जा.

७. उपास धरा

कॅलरी कमी करायला उपासासारखा उपाय नाही, असं सगळ्यांना सांगा आणि साबुदाणा भिजत घाला. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशे कॅलरी, आणि जवळजवळ सगळा नुसता स्टार्च. मूठभर दाण्याच्या कुटाच्या दीडशेच्या वर, दोन चमचे तुपाच्या नव्वद. सोबत बटाट्याचा किस, दही, आणि दुपारी अशक्तपणा वाटला तर राजगिऱ्याची वडी. एकादशी दुप्पट खाशी असं म्हणणाऱ्या पूर्वजांना कॅलरी ठाऊक नव्हत्या, पण गुणाकार बरोबर येत होता.

८. दुसरं मत घ्या. तिसरंही घ्या

डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत आटपा, मधे काही नको. ऋजुता दिवेकर तुपाला घाबरू नका म्हणतात, आणि थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं खाण्याबद्दलही त्यांनी लिहिलंय. त्यांच्या पद्धतींना स्वतःची शिस्त आहे, आणि आपल्याला नेमकी तीच टाळायची आहे. तेव्हा दोनदाच जेवायचं म्हणून भरपूर जेवा, ५५ मिनिटं आहेत म्हणून सावकाश जेवा, दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाका, आणि सगळ्यावर तूप घ्या. मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारा. तिथे जिरं, मेथी, दालचिनी आणि ॲपल सायडर व्हिनेगर यांवर एकमत होईपर्यंत लग्न उरकलेलं असेल.

९. खर्चाची बाजू दाखवा

पहाटे टेकडीवर जा. सत्तर किलोच्या माणसाने पाच किलोमीटर चाललं तर अडीचशेच्या आसपास कॅलरी जातात. खाली उतरल्यावर गाडीवर एक वडापाव, तीनशेच्या आसपास. पन्नासचा फरक टेकडीच्या नावावर टाका, हवा चांगली होती.

टेकडी जमत नसेल तर पदार्थविज्ञानाची मदत घ्या. आहारातली एक कॅलरी म्हणजे एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता. फ्रीजमधलं दहा अंशांचं लिटरभर पाणी प्यायलात तर शरीराला ते ३७ अंशांवर आणावं लागतं. गेल्या २७ कॅलरी, बसल्या जागी! म्हणजे चहातल्या एका चमचा साखरेचा बंदोबस्त झाला, वर सात शिल्लक. वडापावासाठी अकरा लिटर लागतील. पण तेवढं पिऊ नका. डॉक्टर आणखी एक कागद देतील.

१०. पाच आठवडे गेल्यावर घाबरा

काटा हललेला नाही, ब्लाउजचे हूक लागत नाहीत. आता दिशा बदला. आजवर डॉक्टरांचा आकडा तुम्हाला कमी वाटत होता, इथून पुढे तो जास्त वाटू द्या. ‘पंधराशे काय खायचे, डॉक्टर भित्रे असतात’ म्हणा आणि सातशेवर या. काकडी, ताक, संताप.

चार दिवसांत दोन किलो उतरतील. स्नायूंत आणि यकृतात साठवलेला ग्लायकोजेन संपतो, आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, ते जातं. चरबी जागेवरच असते, पण हे कुणाला सांगू नका, पेढे वाटा. भराभर वजन उतरवणाऱ्यांच्या पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. केस गळतात तेही दोन-तीन महिन्यांनी, म्हणजे फोटो काढून झाल्यावर, ही त्यातल्या त्यात सोय. मधुमेहाची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांनी पंधराशेच्या हिशेबाने दिलेली असते. दुपारी चारला हात थरथरतील, घाम फुटेल, घरचे धावत येऊन साखर भरवतील. ती साखर मोजायची नाही. सहावी पायरी बघा.

११. काटा निवडा

घरचा काटा सकाळी, अनवाणी, बांगड्या काढून. शंका आली तर फरशी बदला. तरीही पटेना, तर रेल्वे स्टेशनवरचं दिव्यांची लखलख करणारं मशीन कुठे उरलंय का बघा. ते वजनाच्या तिकिटावर भविष्यही छापून द्यायचं, आणि भविष्य नेहमी चांगलंच असायचं.

१२. फेरतपासणीला जा

‘मी तर काही खातच नाही हो’ या वाक्याने सुरुवात करा. आदल्या तीन दिवसांत कारल्याचा रस पिऊन आला असाल तर त्याचा उपयोग नाही. एचबीए१सी नावाची तपासणी चुगलखोर आहे, ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. त्यात लग्नही आलं, सीमांतपूजनही आलं, आणि डब्यात भरून घरी आणलेले बुंदीचे लाडूही आले. डॉक्टर आकड्याखाली रेघ ओढतील आणि काही बोलणार नाहीत. तुम्ही लॅबबद्दल शंका घ्या.

मग पुढची तारीख. गणपतीआधी या म्हणाले तर घरचे गणपती आहेत सांगा. त्यानंतर पितृपक्ष, तेव्हा खीर-वड्यांना नाही म्हणता येत नाही. मग नवरात्र, त्यात उपास. मग दिवाळी, फराळ तुम्हीच करता. एकदम तुळशीचं लग्न झाल्यावर येते म्हणा. मार्गशीर्षात गुरुवार असतात, हे आत्ता बोलायची गरज नाही.