फ्रीगंजातील करगणित : गृहस्थांसाठी प्रवेशिका

ग्वाल्हेर दरबाराने व्यापाऱ्यांस करमाफी देऊन जी पेठ वसविली असे उज्जैनची जुनी मंडळी सांगतात, आणि माधवनगर हे दप्तरी नाव बाजूस सारून जिला सारे गाव फ्रीगंज म्हणते, त्या पेठेत टॉवर चौकाच्या बाजूने जो गृहस्थ आज पिशवी घेऊन उतरेल, त्याने माफीची आशा घरी ठेवून सोबत पेन्सिल, कोरा कागद आणि थोडासा वेदान्त घ्यावा. पेन्सिलीवरील कर 22 सप्टेंबर 2025 पासून उठला असल्याने ती ऐन वेळी विकत घ्यावी लागली तरी चिंता नाही. वेदान्ताचे प्रयोजन पोह्यांच्या दुकानी कळेल.

करगणितातील गणित अत्यंत सुलभ असून वराहमिहिराच्या या नगरीत त्याविषयी फार बोलणे शोभणारही नाही. दुर्घट आहे तो पदार्थनिर्णय. समोरची वस्तू नेमकी काय आहे हे एकदा ठरले की दर आपोआप ठरतो. आणि ते ठरविण्याच्या कामी डोळे, नाक व जीभ या तिन्ही इंद्रियांची साक्ष सरकारदरबारी ग्राह्य नाही.

पोह्यांचेच पाहा. उज्जैन हे पोह्यांच्या कारखान्यांचे गाव. येथे सुटे पोहे करमुक्त आहेत. परंतु तेच पोहे, त्याच भट्टीतले, बंद पाकिटात शिरून त्यांवर नाव, वजन आणि किंमत उमटली की 18 जुलै 2022 पासून त्यांस 5 टक्के कर लागू होतो. ब्रह्म निर्गुण आहे तोवर त्यास उपसर्ग नाही. नामरूपाची उपाधी जडली की संसार मागे लागतो, हा सिद्धान्त ज्याने पाठ केला त्याला करखात्याची अधिसूचना निराळी वाचावी लागत नाही. त्यातही वजनमापांच्या कायद्याने पूर्वबद्ध वस्तूची व्याख्या करताना ती ग्राहकाच्या गैरहजेरीत बांधलेली असावी अशी अट घातली आहे. सबब ग्राहकाने जातीने काट्यापुढे उभे राहून पोहे तोलून घ्यावेत, म्हणजे त्याची नुसती उपस्थिती हीच करमाफीची सनद ठरते. ज्यांना उभे राहणे अशक्य आहे अशांनी 25 किलोंहून मोठे पोते उचलावे, कारण एवढे वजन झाले की नाव छापलेले असूनही कायदा तिकडे काणाडोळा करतो. दोन माणसांच्या बिऱ्हाडाने मात्र हा मार्ग धरण्यापूर्वी वाचलेला कर आणि पडणारे किडे यांचा ताळेबंद मांडावा.

घरी फोडणी दिल्यास पोह्यांवर नवा आकार नाही; पण वर पसरलेली शेव 5 टक्के देऊन आलेली असते. तेच पोहे नोंदणीकृत उपाहारगृहात बशीत आले की ती वस्तू न राहता सेवा होते, आणि संबंध बशीवर 5 टक्के पडतात. कोपऱ्यावरच्या ठेल्यावर, जेथे वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत आहे, तेथे त्याच सेवेस कोणी विचारीत नाही. मिठाईवाल्याचा लाडू असाच 5 टक्क्यांचा. महाकालाच्या मंदिरात प्रसाद म्हणून हाती आलेला लाडू निष्कर. खाणाराला पहिला घास घेण्यापूर्वी हे भेद ठाऊक असणे आवश्यक आहे, असे निदान आमचे मत आहे.

आता थोडे गणित. छापील किंमतीत कर अगोदरच मुरलेला असतो, हे विसरून कित्येक सुशिक्षित गृहस्थ 3,540 रुपयांच्या मिक्सरवर 18 टक्क्यांनी 637 रुपये 20 पैसे कर काढतात आणि दुकानदाराशी वाद घालून घसा बसवून घेतात. वास्तविक येथे त्रैराशिक मांडावे: 118 त 18, तर 3,540 त किती? उत्तर 540. यांपैकी 270 केंद्राचे व 270 भोपाळचे. हा निम्मेनिम वाटा 1 जुलै 2017 पासूनचा. तत्पूर्वी मध्य प्रदेशात 2006 पासून मूल्यवर्धित कर आणि त्याहीपूर्वी विक्रीकर असे. विक्रीकराची मूळ वहिवाट आपल्याच नागपूरकडची आहे, कारण मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने 1938 साली मोटारीच्या इंधनावर कर बसविला आणि तो फेडरल कोर्टात टिकलाही. पेट्रोल त्या वेळी राज्यांच्या हाती जे लागले ते त्यांनी अद्याप सोडलेले नाही; जीएसटीच्या मांडवाबाहेर ते आजही उभे आहे.

पुण्याहून दर्शनास आलेल्या आत्याबाई सोबत असतील तर विशेष दक्षता घ्यावी. 1 ऑक्टोबर 2023 पासून साध्या ग्राहकाचा पत्ता बिलावर लिहिला की माल त्या पत्त्याच्या राज्यात विकला असे धरतात. म्हणून बोलघेवड्या आत्याबाईंनी सदाशिव पेठ सांगितली आणि दुकानदाराने ती इमानाने टिपून घेतली, तर फ्रीगंजात घेतलेल्या चादरीवर दोन करांऐवजी एकच आंतरराज्यीय कर पडून भोपाळचा वाटा मुंबईस रवाना होतो. आत्याबाईंना पैसे तेवढेच पडतात. तथापि शिंदे सरकारच्या मुलखात जन्मलेल्या भाच्याने महसूल असा निमूटपणे पेशव्यांच्या बाजूस जाऊ द्यावा किंवा कसे, हा ज्याच्या त्याच्या निष्ठेचा प्रश्न आहे.

दुकानदाराने ‘पक्का बिल दूँ, भाईसाब?’ असे विचारताच विरघळून नकार देऊ नये. बिल घेऊन नोंदणी क्रमांकाचे पहिले दोन अंक पाहावेत. मध्य प्रदेशाचे 23, महाराष्ट्राचे 27. दुकान जर ठोक कराच्या योजनेतले असेल तर त्यास ग्राहकाकडून कर घेण्याचा अधिकारच नसतो, आणि तसे त्याने बिलाच्या माथ्यावर लिहावयाचे असते. माथ्यावर ते वाक्य आणि तळाशी कराचा आकडा असे दोन्ही आढळल्यास खाली बसण्यास स्टूल मागून घ्यावे, प्रकरण लांबणार आहे.

राहता राहिले सुटे पैसे. दोन रुपये परत देण्याऐवजी दुकानदार दोन गोळ्या पुढे करील. साखरेच्या गोळ्यांवर सध्या 5 टक्के कर आहे, रक्कम 200 रुपयांच्या आत असल्याने न मागितल्यास बिल देणे त्याच्यावर बंधनकारक नाही, आणि त्या तुम्ही मागितल्याच नव्हत्या. तेव्हा मागावयाचे झाल्यास आधी बिल मागावे.