योगशिक्षक कसा पारखावा : धार-देवासच्या नवशिक्यांसाठी

नियम पहिला : गावाच्या पुण्याईवर जाऊ नये. धारच्या भोजराजाने अकराव्या शतकात पातंजल योगसूत्रांवर ‘राजमार्तंड’ नावाची वृत्ती लिहिली. तेव्हापासून तिथे चहाच्या टपरीवरही चित्तवृत्तींवर भाष्य करणारे भेटतात. अशांना मांडी घालून खाली बसवावे आणि हात न टेकता उठायला सांगावे. पुढचे भाष्य आपोआप आटोपते.

देवासचा पेच निराळा. १९४८पर्यंत एकाच गावात दोन पवार राजे, थोरली पाती नि धाकटी पाती. टेकडीवर देवीही दोन, तुळजाभवानी आणि चामुंडा. मग कॉलनीत योगशिक्षक दोन असणार हे ओघाने आलेच. एकाचे नाव दुसऱ्यापुढे काढू नये. दोघांकडे एकेक सकाळ नुसते जाऊन बसावे आणि शिक्षकाची नजर कुठे आहे ते पाहावे. समोर सतरंजीवर स्वतःच मयूरासन करून दाखवणाऱ्याला टाळ्या द्याव्या, फी देऊ नये. जो रांगांतून हिंडतो, कुणाचे खांदे कानाला भिडलेत ते हेरतो, ‘श्वास कोंडू नका, जमेल तिथेच थांबा’ असे म्हणतो, तो कामाचा. रक्तदाब, मणका, काचबिंदू, झालेली ऑपरेशने यांची चौकशी न करता पहिल्याच दिवशी शीर्षासनाकडे वळला, तर आपण चपलांकडे वळावे.

देवासला नाथपंथी योगी शीलनाथांच्या धुनीवर जरूर जावे. नाथजोग्यांचे दाखले देऊन मधुमेहाची गोळी बंद करायला लावणाऱ्याकडे जाऊ नये.

शवासन दोन मिनिटांत उरकणारा : बाद.

आता आमचे भाऊजी. एक शिबिर करून आले आणि गुरू झाले. लग्नाच्या पंगतीत वाढपी वाकला तरी ‘पाठ सरळ, कमरेतून वाका!’ अहो, त्याच्या हातात कढीची बादली आहे! रिकाम्या पोटाचे महत्त्व अर्धा तास सांगतात आणि वर्ग सुटला की सगळ्या वर्गासकट पोहे-जिलबीच्या दुकानात. वरच्या एकाही कसोटीला उतरायचे नाहीत, असे मी घरात बोलूनही दाखवले होते.

पण आईचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा डॉक्टरांना विचारून, तिला खुर्चीत बसवून रोज घोटे नि खांदे फिरवायला लावणारे हेच. ती ‘बास हो जावईबापू’ म्हणाली की तिथेच थांबायचे. फी म्हणून पावशेर लसणाची शेव नेतात. मला शिकवायला मात्र साफ नकार. म्हणतात, ‘आधी पाचला उठून दाखव, मग बघू.’