आणखी दोन हात

गुप्तधनवाला ओळखायला अवघड नसतो. महाराष्ट्रात तालुक्याला एखादा तरी सापडतोच. खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं तांब्याचं नाणं, मोबाइलमध्ये वीरगळांचे फोटो, आणि मुद्द्याची गोष्ट निघाली की निम्म्यावर येणारा आवाज. चहा तो तुमच्या पैशांनी पितो, बोलणं मात्र कोटींच्या खाली येत नाही. वीरगळाच्या, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेच्या, माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. वीराची कीर्ती ते आकाशात आहेत तोवर टिको, एवढंच त्यांचं सांगणं. आमच्या गृहस्थाच्या लेखी मात्र तो नकाशा असतो : सूर्याकडे तोंड करून बारा पावलं, मग चंद्राकडे सात. शिलाहार आणि यादवांच्या काळातली गधेगाळ म्हणजे दान मोडणाऱ्याला दगडावर कोरून ठेवलेली शिवी, आणि तीही अशी की चित्रासकट घरात वाचून दाखवायची सोय नाही. तो ती वाचतो आणि विचारतो, "काही ठेवलंच नसेल तर इतकी शिवी कोण देईल?" तर्क म्हणून यात खोट काढणं सोपं नाही. दान जमिनीचं होतं आणि ती जमीन वरच पसरलेली आहे, एवढंच त्याच्या लक्षात येत नाही.

त्याच्याविषयी लोकांची दोन मतं ठरलेली आहेत : तो लोभी आहे किंवा अंधश्रद्ध आहे. मला दोन्ही पटत नाहीत. लोभी माणूस हिशेबाला पक्का असतो. याच्याकडे जमिनीतलं सोनं निघायच्या आधी बायकोचं सोनं गहाण पडतं. अंधश्रद्ध म्हणावं, तर डोळ्यांत अंजन घालून बसवायचा पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, माणूस आणि भाड्याचा मेटल डिटेक्टर यांना तो एकाच जीपमधून आणतो, आणि दोघांत भेदभाव करत नाही. विज्ञानाचं त्याला वावडं नाही, उलट भारी कौतुक आहे. त्याचा खरा दोष वेगळा आहे. त्याच्यासमोर आलेल्या कुठल्याही पुराव्याला 'नाही' म्हणायची मुभा नसते. खापर निघालं, तर वरचा हंडा फुटला, खालचा शाबूत असणार. कोळसा निघाला, तर तिथे होम झाला होता. नाग निघाला तर बोलायलाच नको, राखणदार हजर. आणि काहीच निघालं नाही, तर धन सरकलं किंवा खड्डा दोन हात कमी पडला.

पुरातत्त्ववालाही उकिडवा बसून मातीच उकरतो आणि त्याच्याही हाती बहुतेक वेळा खापरच लागतं. पण त्या खापरावर तो खूश असतो. काठाचा वळसा, भाजणीचा रंग, आतल्या बाजूला चाकाच्या बारीक रेषा आहेत की नाहीत, एवढ्यावरून भांडं हातानं घडवलं की चाकावर, हे त्याला कळतं. आणि ते कुठल्या थरातून आलं याची चिठ्ठी पिशवीत घातल्याशिवाय तो पुढे खुरपं लावत नाही. वस्तीची पांढर संपून खाली माणसाचा हात न लागलेली माती आली की त्याचा खड्डा संपला. गुप्तधनवाल्याचा खड्डा संपत नाही. दोघांतलं अंतर शिक्षणापेक्षा या थांबण्यात जास्त आहे.

उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात डौंडिया खेडा इथे २०१३च्या ऑक्टोबरमध्ये हे दोघे एकाच खड्ड्यात उतरले होते. १८५७च्या उठावात फाशी गेलेल्या राजाने एका साधूच्या स्वप्नात येऊन किल्ल्यात १००० टन सोनं असल्याचं सांगितलं, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने कुदळ मारली. रिझर्व्ह बँकेकडे तेव्हा सोनं होतं साडेपाचशे टनांच्या आसपास. म्हणजे एका गढीच्या राजाने देशाच्या तिजोरीला दुपटीच्या जवळपास मागे टाकलं होतं. १००० टन सोनं म्हणजे साधारण बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि बारा फूट उंच खोली, तीही फटी न ठेवता ठासून भरलेली. निघाल्या विटांच्या भिंती, खापरं, बांगड्यांचे तुकडे. पुरातत्त्ववाल्यांनी त्यांची नोंद केली, खड्डा बुजवला आणि ते घरी गेले. सोनं तिथे आहेच, फक्त जागा चुकली, असं म्हणणारे मात्र मागे राहिले.

हे आपल्याकडचंच खूळ आहे असं कुणी म्हणेल, तर त्याने कॅनडात नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावरच्या ओक आयलंडकडे पाहावं. १७९५मध्ये तिथे एका पोराला जमिनीत खळगा दिसला अशी कथा आहे, आणि तेव्हापासून खणणं चालूच आहे. खाली कॅप्टन किडची लूट आहे, मारी आंत्वानेतचे दागिने आहेत, शेक्सपिअरच्या नाटकांची हस्तलिखितं आहेत किंवा टेंपलर योद्ध्यांचा ठेवा आहे. ज्याला जे हवं ते. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला फ्रँकलिन रूझवेल्ट तरुणपणी या नादाला लागला होता. आजवर सहा माणसं त्या शोधात मेली. त्यातून धडा घेतला गेला तो असा की सात मेल्याशिवाय खजिना हाती लागत नाही! २०१४पासून यावर दूरचित्रवाणीची मालिका चालली आहे. लाकडाचा, नारळाच्या काथ्याचा काळ प्रयोगशाळेत काढला जातो, बोअर मारून माती तपासली जाते. पण इतक्या पिढ्यांनी इतके खड्डे खणले की मूळचा खड्डा नेमका कुठे होता तेच आज कुणाला सांगता येत नाही, आणि खाली जे लाकूड लागतं त्यातलं पुष्कळसं आधीच्या खजिनेवाल्यांच्या फळ्यांचं असतं. खजिना हरवला होता की नव्हता कोण जाणे, खड्डा मात्र नक्की हरवला.

यावर गुप्तधनवाला एक बिनतोड प्रश्न विचारतो : मग दायमाबाद काय होतं? खरं आहे. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी १९७४मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ असा काशाचा साठा मिळाला, वजन साठ किलोंवर. पण तो गुप्तधन शोधत नव्हता, झुडपाचं मूळ खणत होता. भरतपूर संस्थानात बयाण्याजवळ १९४६मध्ये गुप्तकालीन सोन्याच्या नाण्यांचं भांडं मिळालं ते शिकारीनंतर रिकामी काडतुसं वेचणाऱ्या पोरांना. इतिहासकार अनंत सदाशिव अळतेकरांनी त्यातल्या १८२१ नाण्यांची सूची केली. काही त्याआधीच वितळवली गेली होती. जमिनीत धन नसतं असं माझं म्हणणंच नाही. स्वप्नाला आणि पावलांच्या मापाला ते भेटत नाही, इतकंच. शिवाय दायमाबादच्या मूर्ती थराशिवाय हाती आल्यामुळे त्या नेमक्या कुठल्या काळाच्या यावर विद्वान भांडत राहिले. मधुकर ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञांनी त्या उत्तर-हडप्पा काळाच्या मानल्या, काहींनी धातूतलं सोमलाचं (आर्सेनिकचं) प्रमाण दाखवून शंका काढली. सोबतचं एखादं फुटकं खापर जागच्या जागी मिळालं असतं, तर हा वाद बराच लवकर मिटता.

आणि हौशी पुरातत्त्वज्ञ श्लीमन? होमरच्या महाकाव्यावर विश्वास ठेवून खणलं आणि १८७३मध्ये ट्रॉयला सोनं काढलं, हे उदाहरण तर त्याला पाठ असतं. सापडलं, कबूल. पण ज्या राजाचं म्हणून श्लीमनने ते मिरवलं, त्याच्या हजारएक वर्षं आधीच्या थरातलं ते होतं. आणि तिथवर पोचण्याच्या घाईत, ज्या काळाचं ट्रॉय त्याला हवं होतं त्याचे थर त्याने स्वतःच खणून उडवले. दोन हात जास्त खणल्याची ही शिक्षा आमच्या गृहस्थाला कुणी सांगत नाही.

असू द्या हो, एकेकाचा छंद, असं म्हणून सोडून देण्यासारखा हा मामला नाही. त्याच्या पहारीखाली वीरगळ उलथतात, जुन्या देवळातले नंदी सरकवले जातात, गाभाऱ्याची फरशी फुटते. रात्रीतून उकरलेल्या जागेत थर वाचण्यासारखे उरत नाहीत, त्यामुळे उद्या कोणी जाणकार आला तरी त्याला काही सांगता येत नाही. कोंबड्या-बोकडापासून सुरू झालेला विधी पुढे कुठवर जातो याच्या बातम्या आपण वाचतो; महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, तो उगाच नाही. इथे विनोद संपतो.

तरीही तुमच्या शेतात नांगराला काही लागलंच, तर पायाळू शोधू नका. १८७८चा भारतीय निखात निधी अधिनियम अजून लागू आहे : जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे. तो दहाचा आकडा कुणी वाढवलेला नाही. वस्तू जिथे दिसली तिथेच राहू द्या, फोटो काढा, कळवा, आणि कुदळ बाजूला ठेवा.